कोरी फाईल उघडली की हात चालत नाही

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रूमवर राहते, मेसला जेवते. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून घडलेली वस्तू, शिवाय इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. प्राणी-कुत्रा, आकार-वर्तुळ ही उदाहरणं जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येतात. पण कॅम्पस मुलाखतीत 'पार्किंग लॉटचं डिझाइन कर' म्हणाले आणि मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. सीनियर म्हणतात, जावास्क्रिप्टमध्ये खरं ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) नाहीच, जावा शिक. बाबा जावाच्या कोर्सची फी भरायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : बाबांना सांग, फी तूर्त राहू दे. तुझं जिथे अडलंय, तिथे भाषा बदलून काही होणार नाही. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होते आणि तुझ्यासारख्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आहेत. व्याख्या येणारे खूप भेटायचे. पण 'हा नियम कोणत्या क्लासकडे ठेवशील?' असं विचारलं की गप्प होणारेही तेवढेच असायचे. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते, यात ठरवण्यासारखं काहीच नसतं. सराव हवा तो ठरवण्याचा.

म्हणून पार्किंग लॉट बाजूला ठेव आणि तुझी मेस घे. तिचे नियम तुला तोंडपाठ आहेत. समज, महिन्याला साठ जेवणं. सलग तीन दिवस नसलीस तरच खाडा धरला जातो, तोही आदल्या रात्री सांगितला असेल तर. पाहुण्याच्या ताटाचे पैसे वेगळे. हे आधी कागदावर लिही, मराठीतच. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावही चालतं, तेव्हा पहिल्या खेपेला 'खाते' आणि 'शिल्लक' अशीच नावं ठेवलीस तरी प्रोग्राम धावेल. कंपनीत तसं करायचं नाही, पण सरावात डोकं इंग्रजी नावं शोधण्यात अडकत नाही.

आता एकेक शब्द घेऊन विचार, याला स्वतःचं काही काम आहे का? सभासदाचं नाव आणि फोन एवढंच असेल तर साधं ऑब्जेक्ट पुरे, क्लास नको. खात्याकडे मात्र शिल्लक जेवणं आहेत, आणि ती शून्याखाली जाऊ द्यायची नाहीत ही जबाबदारी आहे. तो क्लास झाला. खाड्याला सुरुवात आहे, शेवट आहे, कधी सांगितलं ती वेळ आहे, त्यामुळे 'दिवस किती?' याचं उत्तर त्यानेच द्यावं. पण 'किमान तीन दिवस' हा आकडा कुणाचा? तो मेसचा. उद्या मावशींनी दोन दिवसांचा खाडाही धरायचं ठरवलं, तर खाड्याचा क्लास उघडायला लागू नये. या एका प्रश्नावर अर्धा तास घालवलास तरी चालेल. मुलाखत घेणाऱ्याला नेमका हाच विचार ऐकायचा असतो.

कोड लिहिताना पहिली चूक कुठे होते ते सांगते. शिल्लक उघडी ठेवली जाते आणि प्रोग्राममध्ये पाच ठिकाणी 'खाते.शिल्लक = खाते.शिल्लक - 1' असं येतं. पाचांपैकी एका ठिकाणी शून्याची तपासणी राहते आणि कुणाची तरी शिल्लक उणे तीन दिसते. २०२२ पासून भाषेच्या अधिकृत नियमांनुसार नावाआधी हॅश (#) लावून फील्ड, म्हणजे क्लासमधली माहितीची जागा, खाजगी करता येतं, ते वापर. बाहेरून फक्त 'जेवण नोंदव' म्हणायचं, वजाबाकी खात्याने आत करायची. मात्र हॅश लावलं म्हणजे सगळं झाकलं गेलं असं नाही. खाड्यांचा ॲरे, म्हणजे यादी, खाजगी ठेवलास आणि मेथडमधून (क्लासमधल्या फंक्शनमधून) तोच ॲरे परत दिलास, तर बाहेरचा कोणीही त्यात पुश करून नवी नोंद घालू शकतो. त्याची प्रत काढून दे. ही गोष्ट कामावर असलेल्यांच्याही नजरेतून सुटते.

सीनियरच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच, की जावास्क्रिप्टची घडण वेगळी आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ती लिहिली तेव्हा तिच्यात क्लास नव्हते. ऑब्जेक्टला एखादी गोष्ट सापडली नाही तर ते आपल्या प्रोटोटाइपकडे, म्हणजे त्याला जोडलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टकडे, विचारणा करतं, अशी सोय होती. क्लास हा शब्द २०१५ मध्ये आला आणि आजही त्याच्या खाली प्रोटोटाइपच आहे. क्लासवर टाइपऑफ (प्रकार सांगणारा शब्द) लावून बघ, 'फंक्शन' असं उत्तर येईल.

याचा फटका 'धिस'मध्ये बसतो, आणि तो मुद्दाम एकदा खाऊन बघ. 'धिस' म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टसाठी चालते आहे ते. पेजवर 'जेवले' असं बटण ठेव आणि क्लिकला खात्याची मेथड नुसत्या नावाने जोड. शिल्लक तेव्हा उघडी असेल तर एररही येणार नाही, पण खात्यातला आकडाही हलणार नाही. कारण मेथड चालली तेव्हा 'धिस' म्हणजे ते बटण होतं. बटणावरच 'शिल्लक' नावाची नवी जागा तयार झाली आणि तिच्यात 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') जाऊन बसलं. तीच शिल्लक हॅश लावून खाजगी केलीस तर प्रोग्राम तिथेच टाइपएरर देऊन थांबतो, आणि मला ते जास्त बरं वाटतं. मेथड ॲरो फंक्शनमध्ये (=> खुणेने लिहितात त्या फंक्शनमध्ये) गुंडाळून दिलीस की प्रश्न सुटतो. हे स्वतः बघितलेलं असलं की मुलाखतीत 'धिस'वर कुणी अडवू शकत नाही.

इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढण्याचा, मोह आवर. विद्यार्थी सभासद, नोकरदार सभासद, एकवेळचा विद्यार्थी सभासद, एकवेळचा नोकरदार... असं 'एक्स्टेंड्स' करत गेलीस तर चार क्लास होतात आणि शाकाहारी-मांसाहारी आलं की आठ. त्यापेक्षा 'योजना' नावाचं ऑब्जेक्ट कर, दर आणि जेवणांची संख्या त्याच्याकडे दे, आणि ते खात्याच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट घडवताना चालतो त्या कोडला) पुरव. कोणी महिन्याच्या मध्यात एकवेळवर आलं तर योजना बदलायची, खातं तेच.

मग आठवडाभर फाईल उघडू नकोस. उघडशील तेव्हा एक नियम बदल. रविवारच्या फीस्टला दोन जेवणं कापायची, असं समज. किती ठिकाणी हात लावावा लागला ते मोज. एका ठिकाणी भागलं तर जमलं. चार ठिकाणी लावावा लागला तर कोणता नियम चुकीच्या घरी राहतोय ते शोध आणि पुन्हा लिही. जुनी फाईल पुसू नकोस. दोन्ही गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) ठेव आणि का बदललं ते चार ओळींत लिही. फ्रेशरच्या बायोडेटात मला असं काही दिसलं असतं तर मी त्यावरच बोलायला सुरुवात केली असती.

नोकरीच्या दृष्टीने एक खरी गोष्ट. रिॲक्ट या वेबपेज बनवायच्या लायब्ररीत २०१९ मध्ये हुक्स (फंक्शनमध्येच माहिती जपायची सोय) आल्यापासून नवीन काम बहुतेक फंक्शननेच होतं, त्यामुळे तिथे क्लास कमी दिसतील. वेबपेजसाठीच्या अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये आणि सर्व्हरकडच्या नेस्टमध्ये ते रोज लागतात. जावाचं म्हणशील तर मेस नीट जमल्यावर तीच मेस जावात लिही. डोकं तेच लागतं, टाइप्सची, म्हणजे व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगायची, सवय तेवढी करावी लागते आणि ती कोर्सशिवायही होते.

मेसनंतर एसटीचा पास घे, मग कॉलेजची लायब्ररी. त्यानंतर पार्किंग लॉटकडे परत ये. पुढच्या मुलाखतीत तो आलाच तर कोड लिहिण्याआधी समोरच्याला विचार, 'दुचाकीची जागा वेगळी आहे का? पैसे तासावर घ्यायचे की दिवसावर?' मेसची दुसरी फाईल झाली की मला पाठव, मी वाचून कळवीन.