कशाने भाग जाणार नाही, ते आधी ठरव

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या संगणकाला देताच त्याने क्षणात ६४१ × ६७,००,४१७ असे उत्तर दिले, मग आता यात माणसाने करण्यासारखे उरले तरी काय, असे तू विचारतेस. उरले आहे ते जवळजवळ सगळेच.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच घराण्यातल्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८ आणि १६ वा घात अधिक १ अशा, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मूळ आहेत, तेव्हा पुढच्याही मूळच असणार, असा फ्रेंच गणिती फर्माचा समज होता; १७३२ साली गणिती ऑयलरने या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो असे दाखवून तो मोडीत काढला. ऑयलरने ६४१ अंदाजाने पकडला असेल, असे तू लिहितेस. अंदाजाने! भागाकार करायला बसण्यापूर्वी कशाने भाग जाणार नाही ते ठरवायचे असते, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितले की मुले माझी नक्कल करत.

आता कागद घे. एखादी मूळ संख्या हिचा विभाजक असेल, तर तिने २ च्या ३२ व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ उरते. म्हणून ६४ व्या घाताला १ उरते आणि त्याआधीच्या कोणत्याही घाताला १ उरत नाही. फर्माच्याच प्रमेयानुसार (२ खेरीज कोणत्याही मूळ संख्येतून १ वजा करून २ चा तेवढा घात घेतला, तर त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ उरते) मग त्या विभाजकातून १ वजा केल्यावर ६४ ने भाग जायलाच हवा. (स्वतःचे प्रमेय स्वतःच्याच संख्येला लावून पाहणे त्याला का सुचले नाही, याची मला अजून चुटपुट लागते.) अशा मूळ संख्या ६४१ पर्यंत पाचच राहिल्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणिती ल्यूकाने ६४ च्या जागी १२८ आणले, तेव्हा २५७ आणि ६४१ एवढेच उरले. त्यातही २५७ ने २ च्या ३२ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येला भाग जातो, म्हणून आपल्या संख्येला भागल्यास बाकी २ उरणार. म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१, आणि त्याच्यासाठीही लांबलचक भागाकार लागत नाही. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. या दोन ओळींचा मेळ तू स्वतः घाल. तो मी सांगणार नाही.

या एका संख्येपायी मी तासच्या तास घालवतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, अशी माझ्याविरुद्ध तक्रार झाली होती. परीक्षेत तिच्यावर एकही गुण नव्हता, हे खरे. तरीही पुन्हा फळ्यापुढे उभा राहिलो, तर तेच करीन. कारण जी मुले केवळ भागत सुटली, ती दमून गेली आणि गणित रुक्ष आहे असे म्हणत निघून गेली, आणि त्यांतली काही फार हुशार होती.

तेव्हा संगणक जरूर वापर, पण आधी वगळ, मग भाग. ६७,००,४१७ मूळ आहे, हे त्याच्या सांगण्यावर मान्य करू नकोस. ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ या चारच संख्यांनी भागून पाहिले की पुरते. पुढच्या पत्रात मला त्या चार बाक्या नकोत. चारच का, तेवढे लिही.

तुझा,
सर