घशात नळी असताना रुग्णाला बसवणे योग्य आहे का?

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊन आपले वडील आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत आणि कालपासून फिजिओथेरपिस्ट त्यांना पलंगाच्या कडेला बसवू लागले आहेत, हे धोक्याचे नाही का, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरीत अतिदक्षता विभागात हेच काम करते. ते दृश्य पाहून जीव घाबरा होणे साहजिक आहे. पण प्रकृती स्थिर असेल तर हे योग्यच आहे.

गंभीर आजारात स्नायू फार वेगाने झडतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. श्वास यंत्र देत असल्यामुळे श्वासपटलही (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) दुबळे होते आणि मग यंत्र काढणे लांबते. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १०४ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांचे गुंगीचे औषध रोज काही काळ थांबवून लवकर व्यायाम सुरू केला, त्यांच्यातील ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वतः चालण्याइतके व आपली कामे करण्याइतके सावरले होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते.

मात्र घाई उपयोगाची नाही. २०२२ मधील ७५० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीपेक्षा अधिक व्यायाम दिल्याने जास्तीचा लाभ दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडण्यासारखे त्रास वाढले. म्हणून आधी सांधे हलवणे, मग रुग्णाने स्वतः गुडघा वाकवणे, त्यानंतर बसणे आणि शेवटी उभे राहणे, असा क्रम मी पाळते. लेप्टोमध्ये प्लेटलेट घटतात आणि फुप्फुसात रक्तस्रावही होऊ शकतो. तसे असेल तर मी बसवण्याची घाई करत नाही. रक्तदाब स्थिर हवा, यंत्रातून द्याव्या लागणाऱ्या हवेतील ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत हवा आणि बसवताना एका माणसाचा हात केवळ नळीवर हवा.

मण्यार चावून लुळ्या पडलेल्या रुग्णाला पापणीही उचलता येत नाही, तरी पुष्कळदा त्याला सगळे ऐकू येत असते. हे कळल्यापासून मी कोणालाही हात लावण्याआधी काय करणार ते सांगते. आपणही भेटीच्या वेळी वडिलांना आजचा वार सांगा, लावणी कुठवर आली ते सांगा, आणि त्यांचे पाऊल घोट्यात हळूहळू वर-खाली कसे हलवायचे ते फिजिओथेरपिस्टकडून उद्याच शिकून घ्या.