तुझ्या विनोदी पटकथेविषयी

अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली. हसू आलं, पण पात्रं बोलतात तेवढ्यापुरतंच. म्हणून आता काही दिवस फ्रान्सच्या जाक तातीचे चित्रपट बघ.

हा गडी आधी म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या रंगमंचावर, खेळाडूंच्या नकला करायचा, नुसत्या अंगानं. पुढे दिग्दर्शक झाला तरी संवादावर कधी विसंबला नाही. ह्युलो हे त्यानं स्वतःच रंगवलेलं पात्र. त्याच्या सुट्टीवरच्या 1953 मधल्या चित्रपटात हॉटेलच्या जेवणघराचं झुलतं दार आहे. ते हललं की तार छेडल्यासारखा आवाज होतो. पहिल्यांदा आपलं लक्षही जात नाही. मग आपणच त्या आवाजाची वाट बघायला लागतो. ताती आवाज शूटिंगनंतर सावकाश निवडून बसवायचा. तू मात्र ध्वनीचं काम 'शेवटी बघू' म्हणून ठेवलंयस!

'प्लेटाइम' (1967) शक्यतो मोठ्या पडद्यावर बघ. नव्याकोऱ्या रेस्टॉरंटचं काचेचं दार फुटतं. दरवान दाराची नुसती मूठ हवेत धरून उभा राहतो, येणाऱ्या पाहुण्यांसाठी नसलेलं दार अदबीनं उघडतो. कॅमेरा लांबच राहतो. कुठे बघायचं हे आपण ठरवायचं. तुझ्या पटकथेत दर विनोदाला क्लोज-अप लिहिलाय. प्रेक्षक काय बावळट आहे?

याच चित्रपटासाठी त्यानं पॅरिसच्या कडेला इमारती-रस्त्यांचं अख्खं शहर उभारलं. पैसा पाण्यासारखा गेला, चित्रपट चालला नाही, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या 'मों ओंक्ल'सकट आधीच्या चित्रपटांचे हक्कही हातचे गेले. त्यानंतर पूर्ण लांबीचे दोनच चित्रपट झाले. लोक ही कलेसाठी केलेल्या त्यागाची कथा म्हणून सांगतात. मला ती तशी पटत नाही. असा माणूस आणखी चार चित्रपट करता तर आपलंच भलं झालं असतं. तेव्हा चित्रपटासाठी घर गहाण टाकायचा विचार सोड.

त्याचं सावधपण घ्यायचं तर पहिल्या चित्रपटातून घे. 1947 मध्ये नव्या रंगीत फिल्मवर शूटिंग करताना शेजारी कृष्णधवल कॅमेराही चालू ठेवला होता. रंगीत प्रती काही निघेनात. 1949 मध्ये लागला तो कृष्णधवलच. रंगीत आवृत्ती लोकांनी पाहिली 1995 मध्ये, तातीला जाऊन बारा वर्षं उलटल्यावर.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा पहिल्या चार पानांत एकही संवाद नको. आणि कुठला आवाज कुठे येतो, ते समासात लिही.