प्रेमात पडणं, प्रेम बसणं आणि टांगणीला लागलेला जीव

विचारणाऱ्या ताईंनी ‘रेबेका’ ही कादंबरी तीन रात्रींत वाचून संपवली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या नायकाबद्दल मैत्रिणीला लिहिलं, “मी मॅक्सिमच्या प्रेमात पडले गं!” शेजारी बसलेल्या सासूबाईंनी ते वाचलं. त्यांची सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेलेली. त्या म्हणाल्या, “हे इंग्रजीचं भाषांतर झालं. मराठीत माणूस प्रेमात पडत नाही, मराठीत प्रेम बसतं.” ताईंचे त्यावर दोन प्रश्न आहेत. ‘प्रेमात पडणे’ हे खरंच चुकीचं मराठी आहे का? आणि ‘रेबेका’सारख्या, प्रेम आणि धाकधूक एकत्र असलेल्या ‘रोमँटिक सस्पेन्स’ या प्रकाराला मराठीत काय म्हणावं?

ताई, तुमचं वाक्य चुकलेलं नाही. पण सासूबाईंनी ज्या शब्दाकडे बोट दाखवलं तो इतका मोलाचा आहे की त्याच्यासाठी हे उत्तर जरा लांबवते.

आधी ‘पडणे’. मराठी माणूस कशाकशात पडतो ते आठवून बघा. विचारात पडतो, पेचात पडतो, कोड्यात पडतो, बुचकळ्यात पडतो, गोंधळात पडतो, मोहात पडतो, फंदात पडतो, भानगडीत पडतो. यातलं एकही आपण ठरवून करत नाही, आणि एकदा पडलं की बाहेर यायला वेळ लागतो. उलट ‘मी आनंदात पडले’ किंवा ‘समाधानात पडले’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे या ‘-त पडणे’च्या साच्याला स्वतःची एक चव आहे, स्वतःची अट आहे. ‘प्रेमात पडणे’ इंग्रजीतल्या वाक्प्रचाराशी शब्दाला शब्द जुळतो, हे खरंच. पण तो मराठीत रुजला कारण त्याच्यासाठी जागा आधीच होती, मोह आणि पेच यांच्या मधोमध. परक्या घरून आलेला शब्द आपल्या ओळीत असा सहज बसला, तर त्याला पाहुणा म्हणत राहण्यात अर्थ नाही.

इथे मला आपल्याकडचं आणखी एक ‘पडणं’ आठवतं. ‘मुलगी सुस्थळी पडली’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. तेव्हा मुलगी प्रेमात पडत नव्हती, घरात पडत होती. चांगलं घर मिळालं की आईबापांच्या जिवाचा घोर मिटायचा. त्या वाक्यात पडणारी मुलगी असली तरी ठरवणारे दुसरेच असायचे. ‘मी त्याच्या प्रेमात पडले’ यात ते दुसरे कुणी उरत नाहीत. क्रियापद तेच, पण त्यातली बाई बदलली. म्हणून मला हा प्रयोग नुसता चालतो असं नाही, तो मला आवडतो.

आता ‘प्रेम बसणे’. “माझं त्याच्यावर प्रेम बसलं.” या वाक्यात कर्ता कोण? मी नाही, तोही नाही. बसलं ते प्रेम. बोलणारी बाई असो वा पुरुष, ‘बसलं’ हे रूप बदलत नाही. ‘प्रेमात पडले’ आणि ‘प्रेमात पडलो’ यांत मात्र बोलणारी व्यक्ती लगेच उघड होते. मराठीत भावना बहुतेक वेळा अशाच येतात: मला राग आला, मला हसू फुटलं, मला तो आवडला. आपण त्यांचे धनी नसतो, त्या आपल्याकडे येतात. सासूबाईंचा कान या रचनेवर पोसलेला आहे, म्हणून त्यांना तुमचं वाक्य खटकलं असणार.

पण ‘बसणे’ची खरी गंमत पुढे आहे, आणि ती थेट तुम्ही वाचलेल्या कादंबरीशी जोडलेली आहे. मराठीत आणखी काय काय बसतं? विश्वास बसतो. घडी बसते. धक्का बसतो. आता ‘रेबेका’ आठवा. डॅफ्ने द्यु मॉरिए यांची ही कादंबरी 1938 साली आली. गोष्ट सांगणारी तरुण मुलगी माँटे कार्लोमध्ये मॅक्सिम डी विंटर या विधुर गृहस्थाला भेटते, त्याच्याशी लग्न करते आणि कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली या त्याच्या प्रचंड वाड्यात येते. तिथे त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा, रेबेकाचा, हात प्रत्येक वस्तूवर अजून फिरतो आहे. मिसेस डॅन्व्हर्स ही घराची कारभारीण त्या आठवणीची राखण करते. मॅक्सिम काही बोलत नाही, कधी एकदम तुटक होतो, कधी खिडकीबाहेर बघत राहतो. लेखिकेने रेबेकाचं नाव पुस्तकाला दिलं आणि गोष्ट सांगणाऱ्या मुलीला शेवटपर्यंत नावच दिलं नाही. पुढचं सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्या हातून ते सुख हिरावून घ्यायचं नाही.

त्या मुलीची स्थिती मराठीत एका ओळीत सांगता येते: तिचं त्याच्यावर प्रेम बसलं आहे आणि विश्वास बसत नाही. एकच क्रियापद, एका ठिकाणी होकारात, दुसऱ्या ठिकाणी नकारात. या दोन ‘बसण्यां’मधली जी फट आहे, त्या फटीत ही सगळी कादंबरी घडते. आणि ती मिटते त्याच्या आधी धक्का बसतो, तोही याच क्रियापदाने. तुम्ही ज्याला रोमँटिक सस्पेन्स म्हणता त्या प्रकारच्या कितीतरी कादंबऱ्या याच फटीवर उभ्या असतात: हा माणूस मला हवा आहे, पण हा माणूस कोण आहे? सासूबाईंनी तुम्हाला दिलेलं क्रियापद या गोष्टीचं कुलूप उघडणारी किल्ली निघाली.

मला स्वतःला मात्र या दोन्हींपेक्षा तिसरं क्रियापद जवळचं वाटतं: जडणे. जीव जडणे. सवय जडते, व्यसन जडतं, दुखणं जडतं. आणि सोन्यात हिरा जडवतात तोही शब्द याच्याच घरातला. पडणं क्षणाचं असतं, जडायला दिवस लागतात. जे जडतं ते हलकेच येतं आणि मग काढू म्हटलं तरी निघत नाही. पुस्तकातल्या माणसाच्या बाबतीत हेच होतं. पहिल्या पानावर कुणी भेटत नाही, तो पानापानांनी आत येतो. मी ‘रेबेका’ पहिल्यांदा वाचली ती वसतिगृहात असताना, लायब्ररीची परत करायची तारीख उलटून गेल्यावर. पुस्तक परत केलं तेव्हा काउंटरवर ते हातातून सुटेना. त्या अनुभवाला ‘पडणे’ पुरत नाही. तिथे जीवच जडलेला असतो.

व्याकरणाचा एक बारकावाही सांगते. ‘त्याच्या प्रेमात’ यातल्या ‘त्याच्या’ला दोन दिशा आहेत. ‘ती आजीच्या प्रेमात वाढली’ म्हणतो तेव्हा प्रेम आजीचं असतं, आजीकडून येणारं. ‘ती त्याच्या प्रेमात पडली’ म्हणतो तेव्हा प्रेम तिचं असतं, त्याच्याकडे जाणारं. षष्ठी तीच, दिशा उलटी, आणि ती संदर्भाने ओळखावी लागते. हाडामांसाच्या माणसाबाबत ही संदिग्धता गोड वाटते, कारण प्रेम दोन्हीकडून असू शकतं. कादंबरीतला नायक तुमच्याकडे वळून बघणार नसतो. तिथे ‘त्याच्यावर जीव जडला’ हे जास्त नेमकं आहे, कारण त्यातलं ‘वर’ एकाच दिशेला जातं.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. ‘रोमँटिक’साठी आपल्याकडे ‘प्रणयरम्य’ हा शब्द आहे. आज ‘प्रणय’ म्हटलं की डोळ्यांपुढे शारीर जवळीक येते, पण संस्कृतात त्याचा एक अर्थ विश्वास, भरवसा असाही आहे. हा अर्थ मराठीत मागे पडला याचं मला वाईट वाटतं, कारण या प्रकारच्या कादंबऱ्यांमध्ये प्रश्न नेमका भरवशाचाच असतो. आणखी एक पाहा: ‘प्रणय’, ‘नायक’ आणि आपलं रोजचं ‘नेणे’ हे तिन्ही शब्द ‘नी’ या एकाच धातूचे. नायक म्हणजे नेणारा. पुस्तकाने मला कुठच्या कुठे नेलं, असं आपण म्हणतो तेव्हा नकळत त्याच धातूशी खेळत असतो.

‘सस्पेन्स’ला ‘रहस्य’ म्हणण्याची सवय आपल्याला आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. रहस्य म्हणजे लपवलेली गोष्ट. ती लेखकाच्या मुठीत असते. सस्पेन्स वाचणाऱ्याच्या छातीत असतो. त्या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या टांगण्यात आहे, आणि आपल्याकडे हुबेहूब तेच चित्र फार पूर्वीपासून आहे: जीव टांगणीला लागणे. मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही, शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार अजून उघडलं नाही, की मराठी माणसाचा जीव टांगणीला लागतो. इथे आपण उसनं काही घेतलेलं नाही, घ्यायची गरजही नाही.

दुसरा शब्द ‘उत्कंठा’. पुस्तकांच्या मलपृष्ठांवर ‘उत्कंठावर्धक’ छापून छापून तो झिजलाय, पण त्याला जरा पुसून बघा. उत् म्हणजे वर आणि कंठ म्हणजे गळा: मान उंचावून वाट पाहणं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांमध्ये एक विरहोत्कंठिता आहे, प्रियकर अजून का आला नाही म्हणून व्याकूळ झालेली. म्हणजे या शब्दात मुळातच ओढ आहे आणि पुढे काय होणार ही हुरहुरही आहे. ‘रोमँटिक’ आणि ‘सस्पेन्स’ असे दोन शब्द जोडायला लागतात ते काम ‘उत्कंठा’ एकटी करते. म्हणून मी अशा कादंबरीला ‘उत्कंठाकथा’ म्हणेन. ‘प्रेमरहस्यकथा’ मला नको वाटते. त्यातून प्रेमच लपवलेलं आहे असा अर्थ निघतो. बोलताना ‘रोमँटिक सस्पेन्स’ म्हणालात तरी काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला कळतं.

तसं पाहिलं तर ‘कादंबरी’ हा शब्दच एका वाट पाहणारीचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने कादंबरी नावाच्या नायिकेची कथा लिहिली. तिचा प्रियकर चंद्रापीड निष्प्राण होतो, त्याचा देह मात्र तसाच राहतो, आणि तो पुन्हा उठेल या आशेवर ती त्याच्याजवळ थांबते. कथा पुरी होण्याआधी बाण गेला, ती त्याच्या मुलाने पूर्ण केली. त्या नायिकेचं नाव आपण एका साहित्यप्रकारालाच देऊन टाकलं. एकीकडे ‘रेबेका’तली ती बिननावाची मुलगी, दुसरीकडे जिच्या नावाने आपण प्रत्येक दीर्घ कथेला हाक मारतो ती कादंबरी. हे मनात आलं की मला दरवेळी भरून येतं.

राहता राहिली एक शंका, जी तुम्ही विचारली नाहीत पण प्रश्नाच्या सुरातून मला जाणवली. कधी न भेटलेल्या, कागदावरच्या माणसावर जीव जडणं हे जरा वेडेपणाचंच नाही का? आपल्या साहित्यशास्त्राने त्याला कधीच नाव देऊन ठेवलं आहे: पूर्वराग. भेटीआधीचं प्रेम, जे बघून जडतं किंवा नुसतं ऐकून. दमयंती हंसाच्या तोंडून नलाविषयी ऐकते आणि तिला दुसरं काही सुचत नाही. रुक्मिणी घरी येणाऱ्यांच्या तोंडून कृष्णाचं वर्णन ऐकते आणि मनाने त्याला वरते. दोघी विदर्भाच्या. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर म्हणून लोक आजही तिथे जातात.

आणि रुक्मिणीची गोष्ट केवढी टांगणीला लावणारी! भाऊ विरोधात, लग्न शिशुपालाशी ठरलेलं, वऱ्हाड येऊन उतरलेलं. तिने कृष्णाला पत्र पाठवलं आहे आणि निरोप नेणारा ब्राह्मण अजून परतलेला नाही. कृष्ण येईल का? वेळेवर येईल का? सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं, आणि मनासारखा नवरा मिळावा म्हणून लग्नाच्या मुलींनी त्याचं पारायण करायची रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नायक येईपर्यंत जीव मुठीत धरून पान उलटणाऱ्या त्या मुली तुमच्या पणज्या, खापरपणज्या आहेत.

तेव्हा मैत्रिणीला पाठवलेलं वाक्य खोडू नका. आणखी एक लिहावंसं वाटलं तर असं लिहा: “मॅक्सिमवर माझा जीव जडला आणि तीन रात्री तो टांगणीला लागला होता.” यातला ‘तो’ जीवही आहे आणि, कोण जाणे, मॅक्सिमही. आणि पुस्तक सासूबाईंना वाचायला द्या. त्यांचं वाचून झालं की विचारा, त्यांचं प्रेम कुठल्या पानावर बसलं आणि विश्वास कुठल्या.