नदीकाठी अकराव्या मजल्यावर फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: ताई, आम्ही साताऱ्याचे, मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने कल्याणीनगरला नदीच्या बाजूला नव्या टॉवरमधे अकराव्या मजल्यावर थ्री बीएचके बघितलाय, शांत रस्ता, झाडं, गॅलरीतून मुळा-मुठा दिसते, स्विमिंग पूल, जिम सगळं. सेल्सवाला म्हणतो ही सोसायटी नाही, कॉन्डोमिनियम आहे. म्हणजे काय? आणि ह्यांना पुराची धास्ती वाटते, मुलगा म्हणतो अकराव्या मजल्यावर कुठलं पाणी येतंय. (एक वाचक, सातारा)

उत्तर: ह्यांची धास्ती अगदी खरी आहे. घरात पाणी नाही येणार, पण मीटर, पंप, लिफ्टचा खड्डा, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, गाड्या हे सगळं बहुतेक टॉवरमधे खालीच असतं ना, बेसमेंट भरलं की लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, आणि तुम्ही दोघं वर अकराव्या मजल्यावर अडकलेले. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं ते जुनी माणसं अजून विसरली नाहीत, पण धरण फुटायलाच पाहिजे असं नाही, 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तर सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग आणि खालची घरं बुडाली, लष्कराला बोलवावं लागलं. आणि कल्याणीनगर तर मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली, तिथे मुठेबरोबर मुळेचं आणि पवनेचंही पाणी येतं.

म्हणून गॅलरीतून नदी बघण्याआधी नकाशात पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत इमारत नकोच, दोन्हींच्या मधे असेल तर जोतं लाल रेषेच्या वर हवं. महापालिकेचा झोन दाखला मागा, मंजूर नकाशा महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर बघायला मिळतो. जनरेटर आणि मीटर रूम कितव्या लेव्हलला आहे हे तोंडी नको, प्लॅनवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आता कॉन्डोमिनियम. घाबरण्यासारखं काही नाही, 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे त्याखाली हे होतं. सोसायटीत जमीन सोसायटीच्या नावावर होते, इथे फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा मुलाच्या नावावर येतो, त्यासाठी अ‍ॅग्रीमेंटनंतर डीड ऑफ अपार्टमेंट वेगळं रजिस्टर करून घ्यायचं, लोक हेच विसरतात. मेंटेनन्सही ह्या हिश्श्यावर लागतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त, आणि पूल-जिमचा खर्च त्यात आलाच. बिल्डरचं डिक्लेरेशन वकिलाकडून वाचून घ्या, कॉमन काय, पार्किंग कुणाचं, टेरेस कुणाचं ते त्यातच लिहिलेलं असतं. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आत 10 टक्क्यांच्या वर पैसे देऊ नका, कायद्याने मागताच येत नाहीत.

आणि एकदा भर पावसात जुलैमधे तिथे जाऊन या, सॅम्पल फ्लॅट नको बघायला, शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवरची खूण दाखवेल.