बिअर्डेड ड्रॅगनला बाहेरचे किडे द्यावेत का?

सोसायटीतले, जिन्यातले, ट्यूबलाइटखाली जमणारे किडे अजिबात देऊ नका. रानातले किडे काही अटींवर अधूनमधून चालतील, पण रोजचं खाणं म्हणून तेही नाहीत. तुम्ही इथे मंचावर लिहिलंय की तुमचं बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे पाळीव सरड्याचं, पिल्लू सहा महिन्यांचं आहे, पुण्याच्या उपनगरात फ्लॅट आहे, विकतचे मीलवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या) परवडेनासे झालेत आणि पावसाळ्यात बाल्कनीत नाकतोडे, पाखरं (दिव्यावरचे उडते किडे) ढिगाने येतात. त्यावर एका सदस्याने लिहिलंय, ‘जंगलात सरडे हेच तर खातात, तिथे कोण तपासून देतं?’ आधी याच मुद्द्याबद्दल बोलतो, कारण ऐकायला तो एकदम पटतो आणि बरीच जनावरं त्यापायी जातात.

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला प्राणी. तिथून वन्यप्राणी विक्रीसाठी बाहेर न्यायला कित्येक दशकं बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे येणारी पिल्लं पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेली असतात. आपला बागेतला सरडा इथल्या किड्यांसोबतच घडलाय, कुठला तोंडात घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे त्याला कळतं. तुमच्या पिल्लाला ते कळत नाही. हलणारी वस्तू दिसली की ते झडप घालतं, एवढंच.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनना लोकांनी अंगणातले काजवे खायला दिले आणि ते मेले. 1999 साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिथल्या फोटिनस काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, भेकाच्या विषाच्या जातकुळीतलं. काजवा गिळल्यावर थोड्याच वेळात प्राणी डोकं झटकतो, जबडा वासतो, अंग काळं पडतं, श्वास लागतो आणि खेळ संपतो. त्यासाठी एक काजवासुद्धा पुरतो. आपल्याकडे भंडारदरा, राजमाचीला मे-जूनमध्ये चमकतात ते काजवे वेगळ्या जातींचे आहेत, पण नियम तोच ठेवा: काजवा नाही म्हणजे नाही.

आता तुमच्या बाल्कनीकडे येऊ. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या गर्दीत एक बारीक, लांबट किडा असतो, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा तुरुतुरु पळणारा. अंगावर चिरडला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. काही जण त्याला ‘ॲसिड फ्लाय’ म्हणतात, प्रत्यक्षात तो एक भुंगेरा आहे. आपल्या कातडीवर फोड आणणारं ते विष सरड्याच्या तोंडात आणि पोटात काय करेल याचा विचार करा. मूठभर पाखरं एकदम डब्यात लोटून दिलीत तर त्यात हा एखादा असू शकतो.

आणि मग औषधं. माझ्या मते शहरात खरा धोका विषारी किड्यांपेक्षा विष खाल्लेल्या किड्यांचा जास्त आहे. झुरळांसाठी ओट्याखाली ठिपके लावतात ते जेल मुद्दाम सावकाश काम करणारं असतं. झुरळाने ते खावं, बिळात जावं, तिथे मरावं आणि त्याला खाऊन बाकीचीही मरावीत, अशी ती योजना. म्हणजे मधल्या काळात ते झुरळ जिवंत असतं, फक्त जरा मंद. सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं की दोन दिवसांनी जिन्यात पाय झाडत पडलेली, सहज हाती लागणारी झुरळं दिसतात ना, तीच ही. जो किडा विनासायास पकडता येतो, तो का पकडता आला हे आधी स्वतःला विचारा. धडधाकट नाकतोडा सहजी हाताला लागत नाही.

महापालिकेची डासांसाठीची धूर फवारणी, शेजारच्यांनी कुंड्यांवर मारलेलं मावा-तुडतुड्यांचं औषध, लॉनवर टाकलेली वाळवीची पावडर, यातलं तुम्हाला काहीच कळत नाही. किडे धुऊन उपयोग नाही, कारण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून किड्याच्या पोटात गेलेलं असतं. फ्रीजरमध्ये ठेवूनही विष जसंच्या तसं राहतं.

जंतांचं म्हणाल तर काही गोलकृमींची अर्धी वाढ नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे यांच्या अंगातच होते आणि किडा खाल्ला की ते सरड्यात जातात. रानातल्या सरड्यातही जंत असतात, पण तो आपली विष्ठा मागे टाकून पुढे जातो. तुमचं पिल्लू चार फुटांच्या टाकीत त्याच जागेवर फिरतं. ज्या परजीवींना मधला किडा लागत नाही, ते तिथे पुन्हा पुन्हा पोटात जातात आणि त्यांची संख्या वाढत राहते.

तरीही रानातला किडा सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. त्याने दहा तऱ्हेचा पाला खाल्लेला असतो, ते वैविध्य कोंड्यावर वाढलेल्या मीलवर्ममध्ये येत नाही. गावी स्वतःचं शेत किंवा माळ असेल, तिथे आणि बांधाला लागून फवारणी होत नाही हे तुम्हाला स्वतःला माहीत असेल, तर गवतातले साधे हिरवे किंवा मातकट नाकतोडे द्या. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. दोन दिवस डब्यात ठेवून गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घाला. त्यात जे मरतील ते फेकून द्या आणि बरेच मेले तर सगळेच फेका.

भडक रंगाचं काहीही घेऊ नका. रुईच्या झाडावर निळा-पिवळा, देखणा नाकतोडा बसतो. त्याच्या पिल्लाला चिमटीत धरलं तर ते अंगातून द्रव उडवतं. रुईचा विषारी चीक पचवून त्याने तो स्वतःच्या बचावाला ठेवलेला असतो. रुईवरच वाढलेली फुलपाखरं, बाजरीच्या कणसावरचे हिंगे (अंगावर फोड आणणारे भुंगेरे), केसाळ सुरवंट, गोम, गांधीलमाशी, वास मारणारे ढेकण्या, हेही सगळे वर्ज्य.

पैशांचा प्रश्न खरा आहे, त्यावर दोन मार्ग सांगतो. मीलवर्म घरी वाढवा. प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा, ओलाव्याला गाजराची चकती, झाकणाला जाळी. कोष आणि भुंगेरे वेगळ्या ट्रेमध्ये काढत राहिलात की काही महिन्यांत चक्र बसतं.

दुसरा मार्ग मला फार आवडतो, तो म्हणजे रेशीम अळी. आपल्याकडे मराठवाड्यात तुती रेशीम करणारे शेतकरी पुष्कळ, जालन्यात कोषांची बाजारपेठसुद्धा आहे. रेशीम अळी कीटकनाशकाला इतकी नाजूक असते की फवारलेला पाला खाल्ला तर आधी तीच मरते, म्हणून शेतकरी तुतीला जिवापाड जपतो. अळी मऊ असते, पचायला हलकी. ओळखीच्या शेतकऱ्याकडून चॉकीनंतरच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या अवस्था पार केलेल्या, लहान अळ्या मागा. फक्त कात टाकल्यावर तिथे अळ्यांवर निर्जंतुकीकरणाची पावडर धुरळतात, ती कधी टाकली ते विचारा आणि घरी आणून दोन दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवा.

किडा कुठलाही असो, कॅल्शियमची पावडर लावल्याशिवाय देऊ नका. बहुतेक किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नगण्य असतं, आणि या वयात हाडं भराभर वाढत असतात. सोबत यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा हवाच, नाहीतर पावडर असून नसल्यासारखी. जबडा मऊ लागला किंवा चालताना पाय थरथरले तर तो हाडांचा आजार असू शकतो.

इग्वाना पाळणारे कुणी हे वाचत असतील तर किडे देण्याबद्दलचं यातलं काहीच त्यांना लागू नाही. इग्वाना पाला खाणारा प्राणी आहे, त्याला किडे देऊन मूत्रपिंडं खराब करू नका.

तुम्ही आतापर्यंत बाहेरचे काही किडे दिले असतील तर त्याबद्दल घाबरून जाऊ नका, पण सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडून या आठवड्यात विष्ठा तपासून घ्या. ताजी, डबीत बंद करून न्या. जंतांचं औषध मनाने देऊ नका, मात्रा वजनावर ठरते. आणि कधी संशयास्पद किडा गिळलाच, पिल्लू जबडा वासायला लागलं किंवा अंग काळवंडलं, तर इथे विचारत बसू नका. थेट डॉक्टरांना फोन करून निघा आणि तसाच दुसरा किडा किंवा उरलेला तुकडा डबीत घालून सोबत न्या.