वाचकांचे प्रश्न : एईएस वेगवान करताना किल्ली कुठून गळते?

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीची ड्रॉइंग आणि हिशेबाच्या फायली रोज रात्री एईएसने (किल्लीशिवाय वाचता न येणारा मजकूर बनवण्याची पद्धत) एन्क्रिप्ट करून भाड्याच्या व्हीपीएसवर (दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं व्हर्च्युअल मशीन) ठेवतो. एन्क्रिप्शन त्या व्हीपीएसवरच होतं. सी मध्ये लुकअप टेबल (आधीच गणून ठेवलेली उत्तरं) वापरल्यावर वेग बराच वाढला. पण टेबल धोक्याचं आहे असं कळलं. एन्क्रिप्शनच्या आधी सगळं टेबल एकदा वाचून कॅशेत (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आणून ठेवलं तर चालेल का? (बेळगाव)

उत्तर : नाही, त्याने भागणार नाही. वेग वाढतो त्याच कारणाने किल्ली गळते, म्हणून आधी टेबलात काय असतं ते पाहू. एईएसच्या शेवटची सोडून प्रत्येक फेरीत एस-बॉक्स या ठरलेल्या तक्त्यातून बाइट बदलणे, ओळी सरकवणे, स्तंभ मिसळणे आणि फेरीची किल्ली एक्सॉर करणे (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) अशा चार पायऱ्या असतात; शेवटच्या फेरीत स्तंभ मिसळत नाहीत. यातली बाइट बदलण्याची आणि स्तंभ मिसळण्याची पायरी आधीच एकत्र गणून ठेवली की प्रत्येकी २५६ नोंदींची चार टेबलं तयार होतात. नोंद ४ बाइटची, म्हणजे एकूण ४ केबी. मग एका फेरीत १६ वेळा टेबल वाचायचं आणि एक्सॉर करायचं, एवढंच काम उरतं.

आता कॅशेकडे पाहा. बहुतेक प्रोसेसरवर कॅशेची एक ओळ ६४ बाइटची, म्हणजे तिच्यात टेबलाच्या १६ नोंदी मावतात. पहिल्या फेरीत टेबलाचा जो क्रमांक वाचला जातो, तो मजकुराचा बाइट आणि किल्लीचा बाइट यांचा एक्सॉर असतो. त्याच मशीनवरचा दुसरा प्रोग्रॅम कॅशे स्वतःच्या डेटाने भरून ठेवतो आणि नंतर आपलाच डेटा परत वाचायला किती वेळ लागतो ते मोजतो. जिथे जास्त वेळ लागला ती ओळ तुमच्या एन्क्रिप्शनने वापरलेली असते. मजकूर माहीत असेल तर एवढ्यावरून किल्लीच्या प्रत्येक बाइटचे वरचे चार बिट कळतात. सोळा बाइट धरले तर १२८ पैकी ६४ बिट गेले, आणि उरलेले दुसऱ्या फेरीच्या वाचनातून निघतात. ओस्विक, शमीर आणि ट्रोमर यांनी लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनवर हे करून दाखवलं. पूर्ण किल्ली काढायला त्यांना ६५ मिलिसेकंदांची मोजमापं पुरली.

टेबल आधी वाचून ठेवलं तरी एन्क्रिप्शन अर्ध्यात असताना शेजारचा प्रोग्रॅम त्या ओळी बाहेर ढकलू शकतो. भाड्याच्या मशीनवर असा शेजारी कोण आहे हे तुम्हाला दिसतही नाही.

तेव्हा टेबल सोडा आणि प्रोसेसरच्या स्वतःच्या एईएस सूचना वापरा. इंटेलमध्ये त्या २०१० पासून आहेत. तिथे टेबल नाही, त्यामुळे कॅशेत खूणही उरत नाही, आणि वेग टेबलापेक्षा कितीतरी जास्त मिळतो. प्रोसेसरच्या माहितीत ‘एईएस’ हा फ्लॅग दिसतो का ते आधी पाहा. व्हीपीएसवर इथेच फसगत होते. खालच्या प्रोसेसरमध्ये सूचना असतात, पण व्हर्च्युअल मशीनला जुना, सामान्य प्रोसेसर दाखवलेला असतो. मग लायब्ररी काही न सांगता सॉफ्टवेअरच्या मार्गावर जाते. पुरवठादाराला सांगून प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ करून घ्या. वेग ओपनएसएसएलने मोजणार असाल तर ‘ईव्हीपी’ हा पर्याय द्या. जुन्या आवृत्त्यांत तो नसला की मोजमाप सॉफ्टवेअर-मार्गाचंच निघतं.

मोडही, म्हणजे १६ बाइटचे ब्लॉक एकामागून एक हाताळायची रीतही, बदला. इंटेलच्या स्कायलेक पिढीत एका फेरीची सूचना पूर्ण व्हायला ४ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, पण दर सायकलला नवी सूचना सुरू करता येते. सीबीसी मोडमध्ये एन्क्रिप्ट करताना प्रत्येक ब्लॉकला मागच्याची वाट पाहावी लागते, म्हणून १० फेऱ्यांना ४० सायकल जातात. सीटीआर किंवा जीसीएममध्ये ब्लॉक एकमेकांवर अवलंबून नसतात. चार-आठ ब्लॉक एकत्र ओवले की तेच काम ब्लॉकमागे १० सायकलच्या आसपास येतं. हा चौपट फरक हार्डवेअर न बदलता मिळतो. फ्लॅग मिळतच नसेल तर एईएसऐवजी चाचा२० ही दुसरी एन्क्रिप्शन-पद्धत घ्या. त्यात बेरीज, एक्सॉर आणि बिट फिरवणं एवढंच आहे, टेबल नाहीच.

प्रश्न : वेदगंगेकाठच्या उसाच्या मोटरीला रेडिओवरून चालू-बंद करणारा स्टार्टर बनवला आहे. एटमेगा३२८ मायक्रोकंट्रोलर, १६ मेगाहर्ट्झ, एईएस-१२८ सीटीआर मोडमध्ये. एईएस आणखी वेगवान कसं करावं? (निपाणी)

उत्तर : वेगाच्या मागे लागू नका. असेंब्लीत नीट लिहिलेलं एईएस या चिपवर सुमारे तीन हजार सायकलमध्ये एक ब्लॉक करतं, म्हणजे ०.२ मिलिसेकंदाच्या आत. संदेश रेडिओवरून जायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. या चिपला डेटा-कॅशे नाही, त्यामुळे वरच्या उत्तरातला हल्लाही इथे लागू नाही. तुमची खरी अडचण काउंटरची आहे. सीटीआरमध्ये दर ब्लॉकला वाढणारा आकडा, म्हणजे काउंटर, एन्क्रिप्ट करून किल्लीप्रवाह बनतो आणि तो संदेशावर एक्सॉर होतो.

वीज गेली आणि परत आली की काउंटर शून्यापासून सुरू होतो का? होत असेल तर कालचाच किल्लीप्रवाह आज पुन्हा वापरला जातो. दोन दिवसांचे संदेश एक्सॉर केले की प्रवाह कटून जातो आणि दोन्ही मजकुरांचा फरक उघडा पडतो. आपल्याकडे शेतीची वीज दिवसातून कितीदा जाते हे तुम्हाला सांगायला नको. काउंटर ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी चिपमधली मेमरी) ठेवा, पण प्रत्येक संदेशाला लिहू नका, कारण एका पेशीची हमी १,००,००० लेखनांचीच आहे. सुरू होताना साठवलेला आकडा वाचा, त्यात २५६ मिळवून आधी लिहा, आणि मगच मधले २५६ क्रमांक वापरा. ते संपले की पुन्हा तसंच. लिहिताना वीज गेली तर आकडा बिघडतो, म्हणून चेकसमसह दोन प्रती आलटून-पालटून लिहा आणि ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरला की चिप रिसेट करणारी सोय) चालू ठेवा.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. सीटीआरमध्ये एन्क्रिप्ट केलेला एक बिट उलटवला की उलगडलेल्या संदेशातला तोच बिट उलटतो. ‘चालू’साठी १ आणि ‘बंद’साठी ० पाठवत असाल, तर किल्ली माहीत नसलेला माणूसही हवेतला ‘बंद’ संदेश अडवून त्याचा ‘चालू’ करून पाठवू शकतो. सोबत सीमॅकचा शिक्का लावा, म्हणजे किल्लीने काढलेला, संदेश बदलला तर न जुळणारा कोड. तो काउंटर आणि संदेश दोन्हींवर घ्या, निदान ४ बाइटचा ठेवा, आणि आधी पाहिलेला किंवा त्याहून जुना काउंटर आला तर स्टार्टरने संदेश टाकून द्यावा. खांबावरची पेटी कोणीही काढून नेऊ शकतो, म्हणून सगळ्या पेट्यांत एकच किल्ली नको. मुख्य किल्लीने पेटीचा क्रमांक एन्क्रिप्ट करा. जे १६ बाइट येतील तीच त्या पेटीची किल्ली. मुख्य किल्ली घरीच ठेवा.

प्रश्न : इतके हल्ले होतात म्हणजे एईएस फुटलं असं म्हणायचं का? (खानापूर)

उत्तर : नाही. एईएस-१२८ च्या गणितावर किल्ली काढणारा जो उत्तम हल्ला २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यालाही २ च्या १२६व्या घातांकाएवढं काम लागतं. फुटतो तो कोड आणि चिप.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी स्वतःच्या एटमेगा बोर्डावर वीजवापर मोजून एईएसची किल्ली काढायची आहे. दोन हजार ट्रेस (प्रत्येकी एका एन्क्रिप्शनच्या वीजवापराची नोंद) घेतले, पण सहसंबंध कुठेच वर येत नाही. (बेळगाव, अभियांत्रिकी)

उत्तर : या पद्धतीत किल्लीच्या बाइटचा प्रत्येक अंदाज धरून वीजवापर किती असेल ते गणतात आणि मोजलेल्याशी त्याचा सहसंबंध पाहतात. दोन हजार ट्रेस भरपूर आहेत. असुरक्षित कोडला या चिपवर त्याच्या काही टक्क्यांतही काम व्हायला हवं, म्हणजे चूक मांडणीत आहे. पुढील गोष्टी याच क्रमाने तपासा.

चिप अजून विकासबोर्डावरच आहे का? तिथे व्हीसीसीपाशी १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर असतात आणि तुम्हाला हवे असलेले बारीक चढउतार तेच गिळतात. चिप ब्रेडबोर्डवर घ्या, व्हीसीसीच्या वाटेत १० ते ५० ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्या चिपकडच्या टोकावर एसी कपलिंगने मोजा. एन्क्रिप्शन सुरू होण्याच्या लगेच आधी एक पिन वर करा आणि ट्रिगर तिथूनच घ्या. सिरियलवर संदेश आल्याच्या क्षणापासून घेतलात तर ट्रेस एकमेकांवर बसणार नाहीत. १६ मेगाहर्ट्झला सेकंदाला निदान ६४ दशलक्ष नमुने हवेत. स्वस्त लॉजिक ॲनालायझर इथे निरुपयोगी आहे, कारण तो फक्त ० आणि १ पाहतो.

दर वेळी नवा यादृच्छिक मजकूर पाठवता ना? एकच मजकूर पाठवला तर अंदाज बदलतच नाही आणि सहसंबंध काढायला काही उरत नाही.

अंदाजाची जागाही महत्त्वाची. मजकूर एक्सॉर किल्ली एवढ्यातलेच १ मोजलेत, तर खऱ्या किल्लीपासून एका बिटाने चुकलेला अंदाजही ०.७५ पट सहसंबंध देतो आणि सगळे बिट उलटे असलेला अंदाज खऱ्या किल्लीइतकाच, फक्त उणे चिन्हाने. यातून निवडणं अवघड जातं. एस-बॉक्समधून बाहेर पडलेल्या बाइटमधले १ मोजा. मग चुकीचे अंदाज खाली विखुरतात आणि खरा एकटा वर राहतो. एका बाइटला २५६ अंदाज, सोळांना मिळून ४,०९६. लॅपटॉपवर हे काही सेकंदांचं काम आहे.

किल्ली निघाली की पुढे बचाव मोजा. दर एन्क्रिप्शनला नवा मुखवटा-बाइट (मूळ मूल्य झाकायला त्यावर एक्सॉर करायचा यादृच्छिक बाइट) घ्या आणि २५६ बाइटचा एस-बॉक्स त्याने झाकून रॅममध्ये नव्याने बांधा. २ केबीत तो बसतो. आत येणारा आणि बाहेर पडणारा मुखवटा वेगळा ठेवा. एकाच मुखवट्याची दोन मूल्यं एकाच रजिस्टरवर लागोपाठ लिहिली गेली तर मुखवटे एकमेकांना खोडतात आणि ट्रेसमध्ये शिखर परत येतं. यादृच्छिक आकडे दर रिसेटला त्याच बीजापासून सुरू होत नाहीत ना, तेही पाहा. तसं असेल तर मुखवटा हल्लेखोरालाही आधीच माहीत असतो.